मासे लागत असताना

गेल्या जानेवारीतील एका शनिवारी, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनेटोंका तळ्याच्या एका आत शिरलेल्या, गोठलेल्या भागावर, संध्याकाळचे पाच वाजत आलेले असताना आणि मासे एकामागून एक लागत असताना, माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आपला दोरा गुंडाळला. हवा शून्याखाली बारा-तेरा अंश सेल्सिअस होती, वारा पूर्ण पडला होता, बर्फात कोरलेल्या भोकातले पाणी दर काही मिनिटांनी पातळ पापुद्रा धरत होते आणि तो आम्ही झाऱ्याने काढून टाकत होतो. फ्लॅशरच्या, म्हणजे भोकाखालचा तळ आणि मासे रेघांनी दाखवणाऱ्या यंत्राच्या, तबकडीवर तळ ३६ फुटांवर दिसत होता आणि त्याच्या चार-पाच फूट वर क्रॅपी जातीच्या माशांच्या थव्याच्या जाड लाल रेघा हलत होत्या. भर हिवाळ्यात अशी संध्याकाळ क्वचित येते. त्यांच्या बाजूला बर्फावर पाच-सहा क्रॅपी कडक होऊन पडले होते. कायद्याने एका माणसाला दहा नेता येतात. तरीही त्यांनी गळाची काठी पिशवीत घातली, "एवढ्या खोलातले एवढे पुरेत, तुम्ही माझ्या भोकावर बसा," असे म्हणाले आणि घसरगाडी ओढत किनाऱ्याकडे चालू लागले. त्यांच्या चालण्यात थकवा नव्हता आणि थंडीची तक्रार त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेली नाही.

मासेमारी मी लहानपणी शिकलो ती वाघोटणच्या खाडीत, मामांच्या बरोबर. गरवायला निघण्याआधी मामा घड्याळ पाहत नसत, तिथी पाहत: अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आहे की अष्टमीच्या आसपासचा भांग, सुकती कधी संपते, पाणी कधी वळते. गरीला कोलंबी लावून तंगूस बोटावर धरून ते खडकावर बसत आणि पाणी वळताना तांबोशी किंवा काळुंदर लागू लागली, की जेवणाची हाक आली तरी उठत नसत, कारण ती वेळ फार तर तासाभराची असे आणि उद्या ती त्याच घटकेला येणार नाही हे त्यांना ठाऊक असे. आमच्या घरी पकडलेला मासा परत सोडण्याची रीत नव्हती; फार लहान असला तर तो सारात जाई, जास्त झाले तर शेजारी वाटले जात. लागणाऱ्या माशाकडे पाठ करून उठणे हा मामांच्या लेखी अन्नाचा अपमान झाला असता, आणि ते मनोमन मलाही पटलेले होते.

त्यामुळे त्या गृहस्थांचे उठणे मला आठवडाभर उलगडेना.

ते समजायला क्रॅपी त्या ३६ फुटी खड्ड्यात का आले होते, तिथून सुरुवात करावी लागते. डिसेंबरात बर्फ नुकताच धरलेला असतो तेव्हा क्रॅपी, ब्लूगिल आणि पर्च, म्हणजे ज्यांना इथे एकत्रितपणे पॅनफिश म्हणतात ते तव्यात मावणारे मासे, सहा ते दहा फूट पाण्यात, अजून हिरव्या असलेल्या पाणवनस्पतींच्या कडेला मिळतात. बर्फ तेव्हा काळा आणि काचेसारखा स्वच्छ असतो, त्यातून ऊन आत जाते, वनस्पती प्राणवायू सोडत राहतात. मग हिम पडते. सहा-आठ इंच हिमाचा थर बर्फावर साचला की खाली अंधार होतो, वनस्पती मरतात, आणि त्या कुजताना आजवर दिलेला प्राणवायू परत घेऊ लागतात. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ठेवावे तसे तळे डिसेंबरापासून एप्रिलपर्यंत बंद असते. वरून हवा मिसळत नाही, आत जे काही आहे त्यावरच सर्वांना हिवाळा काढायचा असतो. उथळ भागांत आधी टंचाई जाणवते. पाण्यातला प्राणवायू लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक जातींच्या माशांना त्रास होऊ लागतो. पाइक आणि बुलहेड बरेच तग धरतात, ब्लूगिल तितके नाही. काही उथळ तळ्यांत तर वसंतात बर्फ वितळल्यावर किनाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो. ते टाळण्यासाठी जिथे पाण्यात हवा सोडणारी यंत्रे बसवतात तिथे बर्फ पातळ राहतो, म्हणून भोवती फलक आणि दोऱ्या लावलेल्या असतात.

तेव्हा मासे खोलाकडे सरकतात. पण तळाशी तरी सगळे आलबेल कुठे असते? पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला, म्हणून बर्फाला लागून शून्य अंश आणि तळाला चारच्या आसपास असा उलटा उतार हिवाळाभर टिकून राहतो. तळाचे पाणी त्यातल्या त्यात उबदार, मात्र तिथला चिखलही कुजत असतो आणि प्राणवायू तळाकडून वर घटत येतो. वरचे पाणी गार आणि उघडे, खालचे गुदमरते. क्रॅपींचा थवा तळापासून चार-पाच फूट वर तरंगत असतो तो बहुधा याच मधल्या पट्ट्यात, आणि जानेवारी सरत जाईल तसा तो पट्टा अरुंद होत जातो. फ्लॅशरवरच्या त्या लाल रेघांकडे मी अनेक वर्षे केवळ आनंदाने पाहत आलो. त्या रेघा म्हणजे तळ्याच्या इतर भागांतून हटत हटत एकत्र आलेले मासे आहेत, हे कळल्यापासून तो आनंद थोडा निराळा झाला आहे. गेला नाही, पण त्यात चिंता मिसळली आहे.

या खोल खड्ड्यांत त्यांना खायलाही मिळते. चिखलात राहणाऱ्या चिलटवर्गीय अळ्या दिवस मावळताना तळातून वर उठतात, सूक्ष्म जलजीवांचे ढग वर-खाली होतात, आणि क्रॅपी त्यांच्या खालून येतो. त्याचे डोळे आणि तोंड वरच्या दिशेला वळलेले असते, त्यामुळे आमिष नेहमी त्याच्या वर फूटभर धरावे लागते. खाली गेले तर तो ढुंकून पाहत नाही. भर हिवाळ्यात तर त्याची भूकच मंदावलेली असते. डिसेंबरात चालणारी मोठी चकचकीत आमिषे आता नकोशी होतात. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी टंगस्टनची गोळी, तिच्या गळाला एक मेणअळी, आणि काठीच्या टोकाला स्प्रिंगची नाजूक तार. ब्लूगिल आमिष तोंडात ओढून घेतो आणि क्षणात थुंकून टाकतो. ती तार किंचित सरळ झाली किंवा किंचित वाकली, एवढीच त्याची खूण असते. बोटे बधिर झालेली, श्वासाची वाफ मफलरवर गोठलेली, छोट्या गॅस-शेगडीचा वास, आणि सगळे लक्ष त्या केसभर हालचालीवर. हवामान बदलून कडक थंडीची लाट आली आणि आभाळ निळे लखलखीत झाले, की एक-दोन दिवस तेही थांबते. मासे रेघेवर दिसत राहतात, आमिषापर्यंत वर येतात, पाहतात आणि परत खाली जातात. त्या दिवसांत मला स्वतःला फार शांत वाटते, हे इथे सांगितले पाहिजे.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ पुन्हा भेटले तेव्हा मी सरळ विचारले. त्यांनी आधी काही न सांगता पलीकडच्या तंबूकडे बोट केले. तिथल्या मुलांनी तळहाताएवढा एक क्रॅपी लहान म्हणून परत सोडला होता, आणि तो भोकाच्या कडेला, बर्फाच्या खाली, कुशीवर तरंगत होता. कल्ले हलत होते, खाली जाण्याचा यत्न चालू होता, आणि जाता येत नव्हते. मग ते बोलले. क्रॅपी, ब्लूगिल, पर्च, वॉलआय, या सर्वांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि तिला बाहेर जाण्याची वाट नसते. आतली हवा रक्तावाटेच कमी-जास्त होते आणि त्याला तास लागतात. गोड्या पाण्यात सुमारे ३४ फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा अर्ध्या मिनिटात वर ओढला की ती पिशवी दुप्पट फुगते, जठर तोंडाकडे ढकलले जाते, डोळे बाहेर येतात. २५-३० फुटांखालून काढलेल्या माशाला सोडणे हे बऱ्याचदा नुसते दिसायला सोडणे असते. म्हणून त्यांचा नियम साधा होता: एवढ्या खोलात गळ टाकायचा तो खाण्यापुरताच, जो पहिला येईल तो ठेवायचा, लहान-मोठा निवडायचा नाही, आणि घरी लागतील तेवढे झाले की मासे लागत असले तरी उठायचे. ते उठले ते मासे लागत होते म्हणूनच. आणखी बसते तर आणखी काढणे भाग पडले असते, आणि काढलेला प्रत्येक मासा मेला असता.

मामांना हे पटले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, पटले असते.

वॉलआयची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यासाठी आम्ही दोन तास उत्तरेला मिल लॅक्सला जातो. सुमारे १,३२,००० एकरांचे ते तळे जास्तीत जास्त ४२ फूट खोल आहे, आणि जानेवारीत तिथे पोहोचल्यावर समोर पाणी होते यावर विश्वास बसत नाही इतके ते सपाट, पांढरे आणि अफाट असते. किनाऱ्यावरची रिसॉर्टे बर्फावर रस्ते काढतात, त्यांचे शुल्क घेतात, आणि जिथे बर्फाचे दोन पट्टे एकमेकांवर रेलून उभी भिंत तयार होते, तिथे फळ्यांचे पूल टाकतात. कडाक्याच्या रात्री तो बर्फ बोलतो. ताण सुटून भेग पडली की आधी तीक्ष्ण आणि मागून घोगरा असा एक लांब आवाज मैलभर धावत जातो, कारण जाड बर्फातून बारीक स्वर भरड स्वराच्या पुढे पळतो. पहिल्यांदा तो पायाखालून गेला तेव्हा माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता. आता ती त्या आवाजाची वाट पाहते.

वॉलआयच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला पर्चपेक्षा चांगले दिसते, आणि पर्च हे त्याचे आवडते खाद्य. भर हिवाळ्यात हा माशांचा राजा दिवसभर चिखलाच्या उंचवट्यांच्या कडेला, वीस ते तीस फुटांवर, जवळजवळ निश्चल असतो. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकल्यापासून पूर्ण काळोख होईपर्यंतची चाळीस-पन्नास मिनिटे आणि तशीच पहाटेची थोडी, एवढाच त्याचा वेळ. त्या वेळात भोके कोरत हिंडणे, मोठमोठ्याने बोलणे, बर्फावर गाडी हलवणे, हे मला अजिबात मान्य नाही. गिरमिट चालवायचे ते दुपारी तीनच्या आत चालवावे आणि मग बसावे. एका काठीवर हळूहळू उचल-सोड करणारे आमिष, दुसरीवर गळाला लावलेला जिवंत शायनर मासा. मिनेसोटात उघड्या पाण्यावर एकच दोरा टाकता येतो, बर्फावर दोन टाकता येतात. वॉलआय लागतो तेव्हा झटका बसत नाही, नुसते वजन येते, आणि ते वजन डोके हलवू लागते. हा क्षण मला आजही बोलता येईनासा करतो.

पण मिल लॅक्सवर वॉलआय लागला म्हणून घरी नेता येईलच असे नाही. १८३७च्या करारात इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी ही भूमी दिली तेव्हा शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अबाधित असल्याचे ठरवले. तेव्हापासून दर वर्षी किती वॉलआय काढता येतील हे राज्य आणि आठ ओजिब्वे समुदाय मिळून ठरवतात. पुढे या तळ्यात झेब्रा शिंपले आले, पाणी अधिक स्वच्छ झाले, उजेड टाळणारे वॉलआय खोल गेले, लहान वॉलआय मोठे होईपर्यंत टिकेनात, आणि २०१६च्या उन्हाळी हंगामात एकही वॉलआय ठेवण्याची परवानगी राहिली नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचे हाल झाले. त्यांचा राग मी जवळून ऐकला आहे आणि त्यात दुःख होते हे मला दिसले आहे. तरीही ठरवून कमी काढणे हे तळ्याच्या बाजूचे होते असे माझे मत आहे, आणि ज्यांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच आपला वाटा लिहून ठेवला त्यांच्या दूरदृष्टीचा मला आदर वाटतो.

या सगळ्याच्या आधी बर्फ, हे मात्र विसरून चालत नाही. स्वच्छ नव्या बर्फाचे ४ इंच माणसाला पेलतात, लहान मोटारीला ९ ते १० लागतात, मध्यम ट्रकला १३. आणि हिम भिजून गोठल्याने झालेला पांढरा बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत. हिमाचा भार वाढला की बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाखाली घोटाभर चिखलासारखा लगदा तयार होतो. वरच्या हिमाच्या पांघरुणामुळे तो उणे वीसलाही गोठत नाही. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला, आणि त्या डिसेंबराच्या अखेरीस उत्तरेच्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा वाऱ्याने सुटून शंभराहून अधिक माणसे त्यावर अडकली. ती सर्व सुखरूप परत आणली गेली. अलीकडे मी बर्फावर पाय टाकण्याआधी लोखंडी पहारीने पुढची जागा ठोकून पाहतो, गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोकदार हातखिळे अडकवतो, आणि कुणी घाई केली तर सरळ नाही म्हणतो.

हल्ली मला अधिक काळजी वाटते ती नव्या थेट-चित्र सोनारची. पूर्वी भोकाच्या सरळ खाली काय आहे तेवढेच कळत असे. आता शंभर फूट भोवतालचा एकेक क्रॅपी पडद्यावर दिसतो, तो कोणत्या दिशेने पोहतो आहे तेही दिसते. भर हिवाळ्यात मासे आधीच काही मोजक्या खड्ड्यांत दाटलेले असतात. त्यांना शोधण्यात जो वेळ जात असे, तोच त्यांचे संरक्षण होता. यंत्र वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही, माझ्या ओळखीची भली माणसे ते वापरतात. पण शोधणे इतके सोपे झाल्यावर थांबणे आपल्या हातात घ्यावे लागते, आणि ते कुठल्याही यंत्रात मिळत नाही. ब्लूगिलच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. वसंतात घरटी राखतात ते नर. मोठे नर काढून नेले की लहान नर वाढण्याऐवजी लवकरच वयात येतात, आणि काही वर्षांत तळे बोटभर माशांनी भरून जाते. राज्यात एरवी दिवसाला २० सनफिश, म्हणजे ब्लूगिल आणि त्याचे भाऊबंद, ठेवता येतात, पण अलीकडच्या काही वर्षांत निवडक तळ्यांवर ही मर्यादा १० किंवा ५ वर आणली आहे. पाच म्हटल्यावर कुरकुरणारे पुष्कळ भेटतात. नऊ इंची ब्लूगिल इथल्या गार पाण्यात आठ-दहा वर्षांचा असू शकतो, हे त्यांना एकदा शांतपणे सांगावे.

आमच्या घरात चौघांना पाच-सहा क्रॅपी पुरतात. बर्फावर कडक झालेले मासे मोरीत गार पाण्यात सैल करायचे, दोन्ही बाजूंचे काप काढायचे, हळद, मीठ, लाल तिखट आणि कोकमाचे आगळ लावून ठेवायचे, तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून त्यात घोळवून तव्यावर टाकायचे. गार पाण्यातल्या क्रॅपीचे मांस पांढरे, मऊ आणि गोडसर असते. त्याला मसाला फार सोसत नाही. मित्र विचारतात की एवढ्या थंडीत जाऊन एवढेच कसे आणले. मी त्यांना जेवायला बोलावतो.

कोकणात पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि बंदी नव्हती तेव्हाही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असत. मासे अंड्यावर असतात हे मामांना माहीत होते. पण थांबवायला समोर खवळलेला समुद्र उभा होता, स्वतःहून थांबण्याची वेळ फारशी येत नसे. जानेवारीतले तळे याच्या नेमके उलटे आहे. पाण्यातले जीव सर्वांत अडचणीत असतात तेव्हाच त्यावर चालत जाता येते, गाडी नेता येते, हवे तिथे भोक पाडता येते. तिथे दरवाजा लावणारे कुणी नाही, म्हणून तो माणसाने लावायचा, एवढे मला त्या आठवड्यात उमगले.

फेब्रुवारीच्या अखेरीस बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम बंद होतो, आणि पॅनफिशचे दिवस पुन्हा चांगले होऊ लागतात. ऊन चढते, वरचे हिम वितळते, ते पाणी भोकांतून आणि भेगांतून खाली उतरते आणि आपल्याबरोबर हवा नेते. उजेड परत आत शिरतो आणि क्रॅपी व ब्लूगिल खड्डे सोडून उथळ भागांकडे येतात. मी याच दिवसांची वाट पाहतो, कारण सात-आठ फुटांवरून काढलेला मासा सोडला तर खरोखर पोहत जातो आणि निवडायला वाव मिळतो. पट्टी बरोबर ठेवतो. सात इंची ब्लूगिल घरी येतात, नऊ इंची नर परत जातात. मार्चचा बर्फ जाड असला तरी आतून उभ्या सुयांसारखा सुटा होत असतो आणि किनाऱ्याची कड दुपारी सैल पडते, म्हणून पहाटेच्या गोठलेल्या कडेवरून आत जायचे आणि दहाच्या आत, मासे लागत असले तरी, बाहेर यायचे.